काळ्या डब्यासाठी उचललेला भंडारा

मी बांधावरून कुणाशी भांडलो नाही, पाण्याच्या पाळीवरून भांडलो नाही, सासुरवाडीच्या मानपानावरूनही भांडलो नाही. मी भांडलो तो व्हिडिओ गेम खेळायच्या डब्यावरून. जगात दोन बड्या कंपन्या आहेत, दोघींचे दोन डबे, एक काळा आणि एक पांढरा. टीव्हीला जोडायचे, हातात रिमोटसारखं यंत्र धरायचं आणि खेळायचं. मी काळ्याचा. त्या कंपनीच्या साहेबांना आमचं पिंपळी गाव कुठल्या दिशेला आहे हे सात जन्मात कळलं नसतं, पण पिंपळीत त्यांच्या अब्रूची राखण करायला मी बसलेलो होतो.

आमचे आजोबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे. वडिलांनी कॅनॉलच्या पाण्यावर ऊस लावला. मी शिकलो आणि बारामतीत एका पतसंस्थेच्या संगणक विभागात लागलो. विभाग म्हणजे मीच, आणि एक प्रिंटर. संध्याकाळी घरी आलो की खतांच्या गोण्या ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत जायचं, गोण्यांवर निळी चादर टाकायची, मोबाइल स्टँडवर लावायचा आणि मराठीतून महाराष्ट्राला सांगायचं की पांढरा डबा घेणारा माणूस कसा फसलेला आहे. तीन पिढ्यांची प्रगती ही अशी.

महाराष्ट्र म्हणजे आमचे प्रेक्षक. ते एका बऱ्यापैकी लग्नाच्या मांडवात मावले असते आणि जेवणाची एकच पंगत पुरली असती. पण मी बोलायचो ते मैदान भरल्यासारखं. काळ्याची बाजू घेताना माझ्या कानशिलाची शीर तटतटायची. बायको दारात येऊन थांबायची.

"ह्याचे तुम्हाला कोण पैसे देतं?" तिनं एकदा विचारलं.

"कुणी नाही. म्हणून तर माझ्या बोलण्याला किंमत आहे," मी म्हणालो.

"ती दिसतेच आहे," ती म्हणाली आणि पंखा बंद करून गेली.

पैसे घेऊन बोलणारे हा माझा लाडका विषय होता. त्यावर मी एक स्वतंत्र व्हिडिओच केला होता. विकला गेलेला माणूस कसा ओळखायचा, हे मी त्यात बोटं नाचवून सांगितलं. असा माणूस आधी खोक्याचं कौतुक करतो, पुठ्ठा किती जाड आहे वगैरे. दोष आला की आवाज खाली आणतो आणि "तसं किरकोळच आहे" म्हणतो. आणि तो उगाच हसतो. तो व्हिडिओ अजून आहे. मी तो काढलेला नाही, कारण माझी एवढी बिनचूक परीक्षा दुसऱ्या कुणी घेतलेली नाही.

हे बाण मी सोडायचो ते मुख्यतः इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या एका गड्यावर. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो पांढऱ्याचा होता. त्याचाही असाच एक चॅनेल, असाच एक मांडव. मी त्याला "इंदापूरचा दलाल" म्हणायचो, तो मला "बारामतीचा भाट" म्हणायचा. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. दोघंही एकाच समाजाचे, दोघांच्याही देव्हाऱ्यात बिरोबाचा टाक, बहुधा चारदोन घरं धुंडाळली असती तर कुठंतरी सोयरीकही निघाली असती. पण डब्याचा रंग वेगळा होता, त्यामुळं इलाज नव्हता.

आणि मग एक दिवस पुण्याहून फोन आला. बाई बोलत होत्या. काळ्या कंपनीची जाहिरात बघणाऱ्या संस्थेतून. त्या मला "सर" म्हणाल्या. पतसंस्थेत मला सगळे "ए कंप्युटर" म्हणतात, तेव्हा त्या एका शब्दावर मी निम्मा विरघळलो होतो. त्यांनी माझे व्हिडिओ पाहिले होते, त्यांना माझी तळमळ आवडली होती. नवीन आलेला काळा डबा त्या मला पाठवणार होत्या. परत करायची गरज नव्हती.

"तुम्हाला जे वाटेल ते अगदी प्रामाणिकपणे बोला, सर," त्या म्हणाल्या. "फक्त आम्ही पाठवला असं नका सांगू. लोकांचा उगाच गैरसमज होतो."

लोकांचा गैरसमज होऊ नये हे मला लगेच पटलं. मला त्या दिवशी सगळंच पटत होतं. मी स्वतःला समजावलं की मी आधीपासूनच काळ्याचा आहे. माझं मत कुणी विकत घेतलेलं नाही, ते तर मी वर्षानुवर्षं फुकट वाटतोय. मग फुकट वाटणाऱ्याला कुणी प्रेमानं काही दिलं तर त्यात काय बिघडलं? शिवाय मी एक रुपयाही घेतलेला नव्हता. हे वाक्य मला इतकं आवडलं की मोटारसायकल चालवताना मी ते पुटपुटायचो.

डबा आला. मी व्हिडिओत पहिली काही मिनिटं खोक्याच्या पुठ्ठ्याबद्दल बोललो.

आता डब्याचं खरं सांगतो. तो चांगलाच होता. पण तो आला चैत्रात, आणि आमची खोली पत्र्याची. दुपारी तासभर खेळलं की त्याच्या आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायला लागायचा आणि थोड्या वेळानं डबा आपला आपण बंद पडायचा. हात लावला तर चटका बसायचा. आई म्हणाली, ह्याला ताप आलाय. मी घरातला कूलर ओढून त्या खोलीत नेला, त्याचं तोंड डब्याकडं केलं, आणि मग चित्रीकरण केलं. व्हिडिओत मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "थोडा उबदार होतो, पण तसं किरकोळच आहे." आणि हसलो. आमच्या आईला मात्र त्या आठवड्यात कूलर नव्हता.

खाली इंदापूरच्या एकानं विचारलं होतं, 'दादा, आमचं पण पत्र्याचं घर आहे, गरम होत नाही ना?' मी लिहिलं, 'आपल्याकडे तरी काही त्रास नाही.' त्यानं नमस्काराचं चित्र टाकलं. बाकीच्या सगळ्या गोष्टींना मी काहीतरी कारण शोधून ठेवलं होतं, पण त्या नमस्काराला नाही. म्हणून मी तो परत पाहायचं टाळायचो.

शेळगावच्याला वास लागला. मोबाइल दुरुस्त करणारा माणूस तो, यंत्र कधी तापतं हे त्याला कळत असणार. त्यानं थेट प्रक्षेपणात सांगून टाकलं की बारामतीचा भाट यावेळी नुसता भाट नाही, पाकीट पोचलेला भाट आहे. "खरा असशील तर बिरोबाच्या पायरीवर ये," तो कॅमेऱ्यात बोट रोखून म्हणाला, "आन् भंडारा उचलून सांग, काय घितलं न्हाय म्हणून. म्या बी उचलतो."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भंडारा म्हणजे देवाच्या पायावरची हळद. आमच्यात ती मुठीत घेऊन, वर बेलाचं पान ठेवून देवासमोर जे बोललं ते शेवटचं. कोर्टात माणूस काहीही बोलतो आणि घरी येऊन निवांत जेवतो. भंडारा उचलून खोटं बोललेला माणूस मी पाहिलेला नव्हता. बांधाची, वाटणीची, सोयरिकीची भांडणं त्यावर मिटायची. गेम खेळायच्या डब्यासाठी भंडारा उचलायची कल्पना मात्र आम्हा दोघांच्या आधी कुणाच्या डोक्यात आली नसणार. एवढी कमाई आमच्या नावावर आहे.

मी शहाणा असतो तर गप्प बसलो असतो. पण मला राग आला. मी चोरी केलेली असताना मला चोर म्हणतो म्हणजे काय! मी त्याच रागात लिहून टाकलं, 'येतो. कळसला. रविवारी.' कळस गावचं बिरोबाचं देऊळ दोघांनाही मधलं पडतं हे एक, आणि कळसला माझी आत्या असते हे दुसरं.

निघताना बायकोनं विचारलं, "खरंच उचलणार?"

"का नाही? मी एक रुपयाही घेतलेला नाही."

"मग टीव्हीखाली काय आहे?"

"ती वस्तू आहे."

"तेवढं मराठी बिरोबाला कळत असेल," ती म्हणाली. मी गाडीला किक मारली. बटणावर चालू होणारी गाडी आहे, पण तेव्हा किक मारावीशी वाटली.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे मामा, जाऊन बरीच वर्षं झाली. शेती तिनंच सांभाळली, पोरींची लग्नं तिनंच केली. कळसला तिचा दरारा आहे आणि त्या दराऱ्याला एकच आधार आहे, तो म्हणजे माहेर. कुणी शब्द फिरवला, कुणी माप मारलं, की आत्या म्हणणार, "आमच्या पिंपळीला असलं चालत न्हाय." खरं तर पिंपळीला सगळं चालतं. पण आत्या लग्न होऊन गेली तेव्हाची पिंपळी तिनं जपून ठेवली आहे, आणि आम्ही कुणी तिला नवीन पिंपळी दाखवायच्या भानगडीत पडलेलो नाही.

तिनं मला आधी जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी. ताटात भाकरी टाकता टाकता तिनं विचारलं, "कशाचं भांडण हाय रं?"

"तो म्हणतो मी कंपनीचे पैसे घेऊन खोटं बोलतो."

तिचा हात थांबला. "घितलं का?"

"पैसे? नाही."

"मग झालं तर," आत्या म्हणाली आणि माझ्या आमटीत तेल सोडलं. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. भावाच्या पोराला दोनदा विचारायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं तिचं साधं गणित होतं. मी खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिलो. आमटी चांगली होती आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतली, हेही इथंच सांगून टाकतो.

जेवण झाल्यावर आत्याही माझ्याबरोबर निघाली. देवळापाशी शेळगावचा आधीच आलेला होता. व्हिडिओत आडदांड दिसायचा, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि सोबत हार-नारळ आणला होता. मला बघून तो पुढं आला. मला वाटलं आता शिवी देतो.

"पाव्हणं, वाटंला तरास न्हाय ना झाला?" तो म्हणाला. "च्या घेणार का आधी?"

"नको, आत्ताच जेवलोय," मी म्हणालो. "तुमी घ्या."

इंटरनेटवर आम्ही एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या होत्या. देवळापुढं आम्ही चहासाठी एकमेकांना आग्रह करत उभे राहिलो. मग दोघांनी आपापले मोबाइल स्टँडवर लावले. रेंज कुठं येते हे त्यानंच मला दाखवलं.

देवळाची व्यवस्था बघणारे तात्या ओसरीवर बसले होते. वयस्कर माणूस, अशी कितीतरी भांडणं मिटवलेला. चारपाच माणसं जमली तसं त्यांनी विचारलं, "बांधाचं हाय का वाटणीचं?"

शेळगावच्यानं त्यांना समजावलं. एक काळा डबा, एक पांढरा डबा. ह्याचं म्हणणं काळा चांगला, माझं म्हणणं पांढरा. तात्यांनी शांतपणे सगळं ऐकलं.

"डबं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"परदेशी कंपन्यांचं."

"आन् ह्यात तुमचं दोघांचं काय जातंय?"

मी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं. इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. शेवटी तो म्हणाला, "तसं काय न्हाय, तात्या. पन खरं काय ते कळाय पायजेल." तात्यांनी मान हलवली आणि भंडाऱ्याचं ताट पुढं सरकवलं.

आधी मी, असं ठरलं, कारण आरोप माझ्यावर होता. माझं वाक्य तयार होतं. मी पुढं झालो, कॅमेऱ्याकडं एकदा पाहून घेतलं आणि म्हणालो, "मी बिरोबासमोर सांगतो की मी कंपनीकडून एक रुपयाही..."

"थांबा, पाव्हणं," शेळगावचा म्हणाला. "रुपया न्हाय. काहीच घितलं न्हाय, असं म्हणा. पैसा न्हाय, वस्तू न्हाय, डबा न्हाय."

माझा हात ताटावर होता. तो खाली जाईना. मी काही फार देवभोळा माणूस नाही. कॉलेजात असताना मी देवावर वाद घालायचो आणि जिंकायचो. कॅमेऱ्यासमोर खोटं बोलताना मला काही झालं नव्हतं, आत्याच्या पुढ्यात भाकरी खाताना काही झालं नव्हतं. पण त्या हळदीत माझी बोटं जाईनात. हात तसाच हवेत आणि मी बघतोय त्याच्याकडं, हा कुणाचा हात म्हणून. मागं कुणीतरी खोकलं.

"लाजतंय पोरगं," आत्याचा आवाज आला. "इतक्या मान्सांत कधी बोललंय का ते. हो बाजूला. मी उचलते."

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. "चालतंय. रक्ताचं मानूस हाय."

"आत्या, तू नको," मी म्हणालो. म्हणालो म्हणजे ओठ हलले. कॅमेरा चालू होता, आणि जेवढ्या आवाजात म्हणायला पाहिजे होतं तेवढ्या आवाजात मी म्हणालो नाही. आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला, मूठभर भंडारा उचलला, वर बेलाचं पान ठेवलं आणि देवाकडं बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या भाच्यानं कुनाचं काय घितलं न्हाय. पैसा न्हाय, वस्तू न्हाय, डबा न्हाय. आमी पिंपळीची मान्सं हाय."

पुढं सगळं पटकन झालं. शेळगावचा खाली वाकला आणि त्यानं आत्याच्या पायांना हात लावला. मग कॅमेऱ्याकडं वळून म्हणाला की आपण चुकलो, पाव्हणं खरं आहेत, आता आपल्याला भंडारा उचलायची गरजच राहिली नाही. मोबाइलच्या पडद्यावर माझ्या मांडवातले लोक टाळ्या वाजवत होते, काळे बदाम वर चढत होते. मी जिंकलो होतो. आणि लिहायला लाज वाटते, पण त्या घटकेला मला खरोखरचा आनंद झाला. मी हात जोडून प्रेक्षकांचे आभारसुद्धा मानले.

मोबाइल बंद करून मी आत्याबरोबर घराकडं निघालो. तिनं हात धुतला नव्हता. पिवळा तळवा तिनं पदरापासून लांब धरला होता.

"बरं झालं तू आलास," ती म्हणाली. "हितली लोकं लई दिस मागनं म्हनायची, हिचं म्हायेर नुस्तं तोंडातलं. आज समद्यांनी बघितलं."

मला पुढं चालवेना. मी थांबलो.

"आत्या, पैसे नाही घेतले. पण डबा घेतला."

"इकत?"

"फुकट. त्यांनी पाठवला. मी चांगलं बोलावं म्हणून."

तिला कळायला वेळ लागला. "आन् तू चांगलं बोललास."

"हो."

"खरं बोललास का?"

"सगळं नाही."

तिनं हात वर करून तळवा पाहिला. नुसता पाहिला, बराच वेळ. ती रागावली असती, तिनं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी तिथल्या तिथं सुटलो असतो. ती वळली आणि देवळाकडं परत चालायला लागली.

मी तिच्या मागं धावलो. "आत्या, राहू दे ना. कुणाला कळणार नाही," मी म्हणालो. हे मी म्हणालो. पुस्तकं वाचलेला, प्रामाणिकपणावर व्हिडिओ करणारा मी. ती थांबलीसुद्धा नाही.

देवळापाशी शेळगावचा स्टँडची घडी घालत होता. तात्यांच्या हातात चहाची बशी होती.

"लाव रं तुझी मशीन," आत्या त्याला म्हणाली. त्याला, मला नाही.

त्यानं काही न विचारता मोबाइल लावला. आत्या पायरीवर उभी राहिली. कॅमेऱ्यात कुठं बघायचं ते तिला माहीत नव्हतं, त्यामुळं ती तात्यांकडं बघून बोलली.

"मगाशी म्या भंडारा उचलून बोलले, ते खोटं हाय. म्या खोटं बोलले."

एवढंच. माझं नाव नाही, डब्याचं नाव नाही. ती पायरी उतरली आणि हात धुवायला हौदाकडं गेली. तात्यांची बशी तोंडापाशीच राहिली होती. जमलेली माणसं तिच्या पाठीकडं बघत होती, आणि त्यांच्या नजरेत मला दिसत होतं की खोटं आत्याच्या नावावर जमा झालेलं आहे. मी गप्प राहिलो असतो तर ते तिथंच राहिलं असतं. म्हातारीचं काहीतरी चुकलं असेल म्हणून लोक घरी गेले असते. मी गप्प राहायचा विचार केला. फार नाही, पण केला.

मग मी कॅमेऱ्यापुढं गेलो. डबा मला फुकट आला, सांगू नका म्हणाले म्हणून मी सांगितलं नाही, आत्यानं विचारलं तेव्हा तिलाही फिरवून उत्तर दिलं. डबा पत्र्याच्या खोलीत तापतो आणि बंद पडतो. चित्रीकरणाला मी कूलर लावला होता. इंदापूरच्या ज्या भावानं विचारलं होतं, त्याला मी खोटं सांगितलं. माझा आवाज इतका बारीक येत होता की शेळगावच्याला मोबाइल माझ्या तोंडाजवळ आणावा लागला.

"म्हंजी गरम हुतोय व्हय?" तात्यांनी विचारलं.

"हो, तात्या."

शेळगावच्यानं मोबाइल बंद केला. आता हा मला सोडणार नाही असं मी धरून चाललो होतो. तो जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पाव्हणं, खरं सांगू का? मला कुनी पाठवलाच न्हाय डबा. पाठवला असता तर म्या बी घितला असता. म्या लई वाट बघितली." मग आम्ही दोघं चहा प्यायलो. त्याच्याइतकं सरळ त्या रविवारी माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि मी त्याला दलाल म्हणत आलो होतो.

त्यानंतर मी डबा परत पाठवायचा प्रयत्न केला. पुण्याच्या बाई म्हणाल्या की त्यांच्याकडं परत घ्यायची सोय नाही. तो टीव्हीखाली पडून आहे, बायकोनं त्यावर विणलेला रुमाल टाकला आहे आणि त्यावर गणपती ठेवला आहे. चॅनेल मी बंद करणार होतो. पण इंदापूरच्या त्या माणसानं लिहिलं, 'दादा, मी घ्यायच्या आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.' त्याच्यापुढं मला गप्प बसवेना. आता मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगतो की वस्तू कुणी दिली आणि का दिली. हल्ली मला कुणी काही देत नाही, त्यामुळं हे फार लवकर उरकतं.

आत्या माझ्याशी बोलायची थांबली नाही. जेवायला घालते, आईची चौकशी करते, निघताना पिशवीत शेंगा भरते. मधे एकदा मी गेलो होतो तेव्हा तिच्या बांधावर शेजारी आला होता. पाणी द्यायचं ठरवून त्यानं आदल्या दिवशी शब्द फिरवला होता. आत्या तापली, कमरेवर हात ठेवून त्याला बोलायला लागली. "आमच्या पिंपळीला..." ती म्हणाली, आणि तिला मी ओट्यावर दिसलो. ती थांबली. "जा, उद्या बघू," एवढंच त्याला म्हणून आत गेली. शेजारी खूश झाला. मी शेंगा फोडत बसलो, पण मला एकही खाववेना.

देवळातला तो व्हिडिओ शेळगावच्याच्या चॅनेलवर आहे. आमच्या दोघांच्या मांडवात कधी आली नव्हती एवढी माणसं त्याच्यावर आली. लोकांनी आत्याला डोक्यावर घेतलं. काहींनी लिहिलं की हे सगळं ठरवून केलेलं आहे, म्हातारीला पैसे दिले असणार. मी त्यांच्याशी भांडलो नाही. आठदहा वेळा लिहिलं आणि खोडलं.

मग पुण्याच्या बाईंचा पुन्हा फोन आला. त्या रागावलेल्या नव्हत्या. उलट खूश होत्या. डबा गरम होतो हे आता जुनं झालं, नवीन मॉडेल येतंय, त्यात ती अडचण नाही. "सर, त्या आजी," त्या म्हणाल्या, "लोकांचा त्यांच्यावर खूप विश्वास बसलाय. नवीन डब्यासाठी त्या दोन शब्द बोलतील का? यावेळी सगळं उघड सांगूनच करू."

मी नाही म्हणालो. फोन ठेवला. मग मला असा राग आला की मी हातातला पाण्याचा तांब्या भिंतीवर मारला. त्याला पोचा पडला आहे. आधी राग आला आणि मग मी नाही म्हणालो, असं इथं लिहायला मला आवडलं असतं. पण त्यांचं बोलणं संपलं आणि मी नाही म्हणालो, ह्याच्या मधल्या जागेत राग नव्हता. तिथं मी विचार करत होतो की आत्या तयार होईल का.